उत्तर येत असूनही गप्प बसणाऱ्या नीलिमाताई

नीलिमाताई गेल्याची बातमी आमच्या ग्रुपवर आली ती त्यांच्याच नावाने. दाजींनी ताईंच्या फोनवरून टाकली होती. दाजी म्हणजे ताईंचे यजमान. मी सांगलीकडचा, ताईचा नवरा म्हटला की तोंडातून दाजीच येतं. चंदीगड, मोहाली, पंचकुला असा पसरलेला आमचा मराठी माणसांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यावर ताईंचा लांबलचक निरोप आला की तो रविवारी कुणाकडे तरी जमण्याचाच असणार, ही इतक्या वर्षांची सवय. मी आयटी पार्कमधल्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. ‘सर्वांना कळवतो की’ एवढंच वाचलं आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी उत्तर ठोकून दिलं, ‘मी येतोय, काय करून आणू?’ खाली पोचेपर्यंत बाकीच्यांचे जोडलेले हात येऊ लागले, तेव्हा वर सरकून नीट वाचलं... पुसायला गेलो, तर दाजींचं उत्तर आधीच येऊन पडलं होतं. ‘काही आणू नको, मिलिंद. नुसता ये.’

असल्या फजित्या मी आयुष्यभर केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच ताईंच्या डोळ्यांदेखत. आमची ओळखही अशाच एका फजितीतून झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या टीमच्या प्रमुख होत्या. ग्राहकांच्या तक्रारी सगळ्यांना दिसतील अशा एका ठिकाणी येऊन पडायच्या आणि ज्याला जमेल त्याने सोडवायच्या. मी पाहायचो, तक्रार ताई सगळ्यांत आधी वाचत, पण लिहीत काहीच नसत. यावरून बाईंना काही येत नाही असं निदान मी केलं आणि कॅन्टीनमध्ये ते जाहीरही केलं. मग एकदा अशी तक्रार आली, की ती सॉफ्टवेअरच्या ज्या भागातली होती तो ताईंनीच बांधलेला. तरीही त्या गप्प. थोड्या वेळाने उत्तर आलं ते हरप्रीतकडून. हा हरप्रीत कोपऱ्यात बसायचा आणि दिवसभरात कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. मी वळून पाहिलं तर ताई त्याच्या टेबलापासून परत येत होत्या. तुम्हीच का नाही लिहिलंत, म्हणून मी विचारलं. त्या अमरावतीच्या, पंधरा-वीस वर्षं इथे काढूनही बोलणं तिथलंच. म्हणाल्या, “मी लिहिलं असतं तर उद्या पुन्हा मलाच विचारलं असतं ना बाप्पा. आन् तो तसाच बसून राहिला असता कोपऱ्यात.” माझं कॅन्टीनमधलं निदान त्यांच्या कानावर गेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी ते कधी काढलं नाही, याचाच जास्त त्रास होतो.

ग्रुपवरही त्यांची तीच तऱ्हा. नवीन बदली होऊन आलेली, शिकायला आलेली माणसं काहीबाही विचारायची. गोडा मसाला कुठे मिळेल, लहान मुलांचा डॉक्टर कोणता चांगला, गणपतीची मूर्ती कोण आणतं. मी तर उत्तरांची टपरीच टाकून बसलो होतो. माहीत असो वा नसो, उत्तर माझंच पहिलं. मुल्लानपूरला नवं घर घेतलेल्या एका जोडप्याने वास्तुशांतीसाठी गुरुजी विचारले, मी पाहताक्षणी नंबर पाठवला. तो निघाला केटररचा. मुहूर्ताच्या सकाळी तो भटुऱ्यांची कढई घेऊन दारात उभा, आणि विचारतोय, “जी, कितने बंदे हैं?” त्या दिवशी ताईंचा मला फोन आला. रागावल्या नाहीत. “तू जरा गप राहशील का रे? त्यांनी गुरुजी विचारले त्या दिवशी तो भोयर सकाळपासून लिहून राहिला होता. दोन ओळी लिहितो, पुसतो. तेवढ्यात तू ठोकून देतो.” भोयर म्हणजे मोहालीच्या सेक्टर ६७ मधल्या औषधांच्या संस्थेत संशोधन करणारा, भयंकर लाजरा माणूस. त्याचे काका वर्ध्याला पौरोहित्य करतात आणि त्यांचे एक शिष्य पंचकुल्यात आहेत, हे ताईंनी त्याला सहज फोन केला तेव्हा बोलता बोलता निघालं होतं. मग त्यांनी त्यालाच लिहायला बसवलं होतं. ग्रुपवर दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उत्तरामागे ताईंचा असा एखादा फोन असायचा. आम्हाला वाटायचं, काय छान ग्रुप आहे, आपोआप चालतो!

मधे त्यांची आई आजारी होती म्हणून त्या अमरावतीला गेल्या आणि ग्रुप माझ्या हाती देऊन गेल्या. मी लगेच नियम केले. सुप्रभात बंद, वाढदिवस बंद, फुलांचे फोटो बंद, कामाचं तेवढंच लिहा. आठवडाभरात ग्रुप कसा चकाचक झाला. परत आल्यावर मी अभिमानाने दाखवलं, तर त्या बराच वेळ फोनचा पडदा वर सरकवत राहिल्या. “स्वच्छ आहे रे घर,” म्हणाल्या, “पण राहते कोण इथं?” पुढचे कित्येक दिवस त्या सकाळी सुखना तलावावर चालता चालता कानाला फोन लावून एकेकाला परत बोलावत होत्या...

शेवटची भेट इस्पितळात. आजार त्यांनी ग्रुपवर कळू दिला नव्हता, आणि दम इतका लागायचा की फोनवर बोलणं थांबलं होतं. मी फार समजूतदार चेहरा करून म्हणालो, “ताई, कोणाला काय येतं ते मला सांगून ठेवा.” बोलल्यावर लक्षात आलं, मी काय बोललो ते. जीभ चावली. त्यांना मात्र हसू आलं आणि हसण्याने खोकला. मग थांबत थांबत म्हणाल्या, “मला तरी कुठं पाठ आहे... बोलत गेलं की निघते कायतरी.” मी विचारलं, मग मी काय करू? “लाव ना फोन,” म्हणाल्या. जसं काही फोन लावणं म्हणजे नंबर फिरवणं.

त्या गेल्यावर काही दिवस ग्रुपवर जोडलेले हात येत राहिले, मग तेही थांबले. आणि एका सकाळी ऋतुजाचा निरोप आला. ही लातूरची मुलगी, भोयरच्याच संस्थेत नुकतीच आलेली. वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन इथे ठरलं होतं. त्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. नर्स हिंदीत काही विचारते, ते प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात, दुखतंय का तरी हो आणि जेवलात का तरी हो. ‘मी लॅबमध्ये असेन तेव्हा कुणी आळीपाळीने बसेल का,’ एवढंच तिने विचारलं होतं. निरोप सगळ्यांनी वाचला. मी ठरवून गप्प बसलो, ताई बसल्या असत्या म्हणून. दुपार झाली, संध्याकाळ झाली. कुणी लिहीना. मग फोन लावत सुटलो. पण मी कधी कुणाला सहज फोन केलेलाच नव्हता, त्यामुळे नाव पाहूनच माणसं घाबरत. “सगळं ठीक ना?” ठीक आहे म्हटल्यावर पुढे काय बोलायचं मला सुचेना, मग लगेच मुद्द्यावर यायचो. सगळे म्हणाले, बघतो. भोयरही म्हणाला, बघतो. शेवटी मी लिहिलं, ‘मी जातो,’ आणि वर केलेले अंगठे धडाधड येऊन पडले. सगळ्यांची सुटका झाली.

मी जमेल तसा जाऊन बसलो. एकदा ऋतुजाच्या वडिलांनी विचारलं, “हितं तुमी एकलेच हाव का मराठी?” नाही हो, म्हटलं, पुष्कळ आहोत. ते दाराकडे बघत राहिले. ऑपरेशन नीट झालं, ते गावी गेले. तेव्हापासून ग्रुपवर कुणी काही विचारलं की थेट माझं नाव घालूनच विचारतं. मी उत्तर देतो, अंगठे येतात. मी आणि अंगठे, एवढाच ग्रुप उरलाय. गप्प बसून पाहतो, तर माणूस ताटकळतो. बोललो, तर बाकीचे आणखी गप्प होतात. यातून कसं निघायचं, हे मला खरंच कळत नाही.

गेल्या रविवारी दाजींकडे गेलो होतो. ताईंचा फोन त्यांनी बंद केलेला नाही. जेवणाच्या टेबलावर चार्जरला लावून ठेवलाय. सकाळी वाजतो, म्हणाले. ती नाही हे माहीत असतं, तरी लावतात लोक. काही जण दाजींचा आवाज ऐकून ठेवून देतात. “मला नाही येत रे असं बोलता. ती बोलत राहायची, मी पेपर वाचत बसायचो. कधी ऐकलंच नाही.” आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात तो वाजला. भोयर. दाजींनी उचलला, हो हो करत राहिले, मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, “आईला घरी आणलं म्हणते. काय झालं होतं याच्या आईला?”

मला माहीत नव्हतं. त्याची आई इथे आहे हेही माहीत नव्हतं. मी मान हलवली. दाजींनी फोन पुन्हा कानाला लावला. “भोयर, मला यातलं काही माहीत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही पहिल्यापासून सांगा.” बहुधा तो सांगू लागला असावा, कारण दाजींनी पायाने खुर्ची ओढून घेतली आणि बसले. मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. उठावं की बसावं, ते न कळून मी तिथेच बसून राहिलो.