सिगवार्टची दोन कामांची बंदूक

एखादी वस्तू एकच काम करताना दिसली की सिगवार्ट ब्रेन्नाचं डोकं उठायचं. त्याच्या हिशेबी ती वस्तू आळशी. हिवाळ्यात ज्या ट्रॅक्टरने तो रस्त्यावरचा बर्फ लोटायचा, त्यानेच उन्हाळ्यात दरीतल्या लोकांचं गवत कापायचा, आणि इथवर ठीक होतं. पण घरातही तेच. त्याने बनवलेला सोफा कुणी बसलं की पलंग व्हायचा आणि कुणी झोपलं की सोफा. बर्फावरची घसरगाडी उन्हाळ्यात हातगाडी व्हावी म्हणून त्याने तिला चाकं लावली, तेव्हापासून त्याची बायको बोर्गहिल्ड दोन्ही ऋतूंत सामान हातातूनच आणते. लग्नसुद्धा त्याने आईच्या साठीच्या दिवशीच उरकलं होतं, एका केकमध्ये. केकवर नाव आईचं राहिलं. बोर्गहिल्डने हे आजतागायत विसरायचं मनावर घेतलेलं नाही.

असल्या माणसाच्या घरी दोन बंदुका असाव्यात, हे त्याला मनातून फार खुपायचं. एक नेमबाजीच्या स्पर्धेची, दाराच्या अडसरासारखी जड. एकदा नेम धरला की जागची हलायची नाही. दुसरी शिकारीची, हलकी, दिवसभर खांद्यावर मिरवा. एका उन्हाळ्यात त्याने तत्त्वाला जागून हलकी बंदूक स्पर्धेला नेली. तिने अशी उसळी खाल्ली की गोळी शेजारच्याच्या लक्ष्यात बरोबर मधोमध बसली, आणि बक्षिसाचा चांदीचा चमचा शेजारी घेऊन गेला. मग शरदात त्याने जड बंदूक जंगलात नेली. घोड्याहून उंच, फावड्यासारख्या शिंगांचा मूस दलदलीत समोर येऊन उभा राहिला. सिगवार्टने बंदूक उचलून खांद्याला लावेपर्यंत तो दुसऱ्या तालुक्यात पोचला होता.

त्या संध्याकाळी शिकारीच्या झोपडीत एम्ब्रिकने फर्मान काढलं. एम्ब्रिक हा बोर्गहिल्डचा थोरला भाऊ आणि आमच्या शिकारीच्या टोळीचा म्होरक्या. माणूस न्यायाचा, पण न्याय करताना चेहरा असा करतो की अन्याय बरा वाटावा.

"दलदलीची जागा सगळ्यांत चांगली, आणि तू तिथे बसून हवा खातोस," तो म्हणाला. "पुढल्या शरदात तुझ्या हातून तिथे मूस पडला नाही, तर ती जागा मी घेणार. तू इथे झोपडीत कॉफी उकळ."

"कॉफी बोर्गहिल्ड उकळते."

"मग तू तिला लाकडं दे."

ती जागा सिगवार्टच्या बापाची. बाप जिथे टेकून बसायचा तिथली फरच्या झाडाची साल अजून गुळगुळीत आहे. गुडघे गेल्यापासून टोळीबरोबर रान उठवत चालणं सिगवार्टला जमत नव्हतं. ती जागा गेली म्हणजे शिकारच गेली, आणि शरदातले ते चार दिवस गेले की उरलेलं वर्ष कशासाठी काढायचं, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. त्याला रडू आलं असतं, पण झोपडीत सगळे होते.

दोन्ही बंदुका विकून त्याने एकच करायची ठरवली.

सारा हिवाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर काम चाललं. नळी जाडसर, पण आखूड. दस्ता घरामागच्या बर्चच्या लाकडाचा, आतून पोखरलेला. त्या पोकळीत शिशाचा ठोकळा बसवला की बंदूक स्पर्धेची, काढला की शिकारीची. मैदानासाठी बारीक भोकातून नेम धरायची चकती, रानासाठी दुर्बीण, दोन्ही एकाच खाचेत बसणारी. अडलं ते गाल टेकायच्या जागेवर. गाल दर वेळी तसूभरही इकडेतिकडे न होता टेकला पाहिजे, आणि सिगवार्टचा गाल काही सरळ नाही. एका शनिवारी बोर्गहिल्डने वेलदोड्याच्या पावांसाठी पीठ मळून फुगायला ठेवलं होतं. ती गोठ्यातून परत आली तेव्हा नवरा पिठात गाल खुपसून टेबलावर आडवा झाला होता.

"झटका आला की काय तुला?"

"हलवू नकोस. साचा घेतोय."

तो साचा त्याने भट्टीत कडक भाजून घेतला आणि त्यावरून लाकूड कोरलं. गालावरच्या चामखिळीची खळगीसुद्धा उतरली. शेजारचा म्हातारा ताराल्ड कॉफीला आला, तेव्हा त्याने लोणी मागून घेतलं आणि साचा खायला घेतला. सिगवार्टने तो त्याच्या तोंडातून काढला असं म्हणतात. हनुवटीकडचा तुकडा गेलाच.

पण बंदूक झाली, आणि झाली ती झक्क. खांद्याला लावली की हातमोज्यात हात जावा तशी बसायची. शिसं असो वा नसो, गाल आपोआप जागेवर यायचा. पूर्वी दोन बंदुका धरायच्या दोन तऱ्हा होत्या, आता एकच. उन्हाळाभर सिगवार्ट नेमबाजीच्या मैदानावर पडीक असायचा. जुलैच्या स्पर्धेत त्याने चांदीचा चमचा मारला आणि महिनाभर घरी सूप त्याच चमच्याने प्यायला. उरलेलं ताक ढवळायलाही तोच.

मैदानावरचा हुकूम बोर्गहिल्डचा. नेमबाजी मंडळाने तिला मुद्दाम नेमलं होतं, कारण ताराल्डला कानातलं यंत्र न लावता ऐकू येणारा दरीतला तो एकमेव आवाज. ती आधी विचारायची, "तयार?" मग एक मोठा श्वास जाईल इतकी शांतता. मग, "फायर!" त्याआधी कुणाचं बोट वळवळलं तर तो बाद, मग तो कुणीही असो. सख्ख्या भावालाही तिने एकदा असंच बाद करून घरी पाठवलं होतं. तेव्हापासून एम्ब्रिकसुद्धा तिच्या हुकुमाशिवाय चापाला बोट लावत नसे. आमची सगळी टोळी त्याच मैदानावर तयार झालेली.

शरद आला. पहिल्याच सकाळी सिगवार्ट दलदलीच्या कडेला, बापाच्या झाडाला टेकून, रेनडियरच्या कातड्याच्या आसनावर बसला. धुकं उठलं आणि मूस आला. नर होता, भलाथोरला. साठ पावलांवर आडवा उभा राहिला आणि पाला चघळू लागला. सिगवार्टने बंदूक उचलली. गाल जागेवर. नेम जागेवर. श्वास अर्धा सोडलेला. बोट चापावर.

आणि तो वाट बघत राहिला.

मूसने एक फांदी संपवली. दुसरी घेतली. सिगवार्टकडे वळून पाहिलं. मग एवढा सभ्य माणूस आपण कधी पाहिला नाही अशा थाटात सावकाश झाडीत निघून गेला. आपण कशाची वाट बघत होतो, हे सिगवार्टला तो गेल्यावर कळलं.

दुपारी त्याने बोर्गहिल्डला झोपडीमागच्या ओढ्यावर गाठलं. ती पाणी भरत होती.

"आला नाही का रे?"

"आला होता."

"नेम लागला नाही?"

"असा लागला होता, त्याच्या पापण्या मोजल्या असत्या."

"मग माशी शिंकली कुठे?"

सिगवार्टने इकडेतिकडे पाहिलं. "तू बोललीच नाहीस."

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती अशी हसली की बादली ओढ्यात गेली.

"हसतेस काय! जुन्या बंदुका खांद्याला लागल्या की खांद्याला कळायचं, आज मैदान की रान. ही मेली दोन्हीकडे सारखीच लागते. गाल टेकला की मला मैदानच वाटतं."

"मग मनातल्या मनात म्हण ना फायर."

"म्हणून बघितलं. मी माझं ऐकत नाही."

"माझं तरी कुठे ऐकतोस?"

"मैदानावर ऐकतो," सिगवार्ट म्हणाला, आणि त्याचा आवाज असा कापला की तिचं हसू थांबलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा कुठला आवाज कधी येतो ते कळतं. ती म्हणाली, "समोर आला की वॉकी-टॉकीचं बटण दोनदा दाब. बोलू नकोस. पुढचं मी बघते."

झोपडीतला वॉकी-टॉकी तिच्याकडेच असायचा. निरोप घ्यायचे आणि कॉफी उकळायची, ही तिची कामं. कॉफीची किटली एम्ब्रिकच्या बापापासूनची, बाहेरून कोळशासारखी काळी. तिला कुणी घासायचं नाही, काजळीतच चव असते, असा एम्ब्रिकचा दंडक.

दुसऱ्या सकाळी तोच नर, तीच दलदल. सिगवार्टच्या कानात वॉकी-टॉकीची ऐकायची गुंडी होती. त्याने बटण दोनदा दाबलं, गाल टेकला, श्वास अर्धा सोडला.

"तयार?" त्याच्या कानात बोर्गहिल्ड म्हणाली.

एक मोठा श्वास जाईल इतकी शांतता.

"फायर!"

दोन बार एकदम झाले. मग जरा वेळाने तिसरा.

बोर्गहिल्डच्या ध्यानात एक गोष्ट राहिली नव्हती, ती अशी की टोळीतल्या प्रत्येकाच्या कानात तशीच गुंडी होती. पलीकडच्या टेकडीवर एम्ब्रिक दुर्बिणीतून एक जुनं खोड न्याहाळत, उगाच नेम धरून बसला होता. कानात बहिणीचा आवाज आला आणि बोटाने आपलं काम केलं. तिसरा बार ताराल्डचा. त्याने चिखलात झाडला. तो स्पर्धेतही नेहमी उशिराच झाडतो.

आमच्यात नियम आहे, बार काढला की कशावर काढला ते लगेच सांगायचं.

"सिगवार्ट. नर. पडला," सिगवार्टचा आवाज आला.

"ताराल्ड. चिखल. पडला नाही."



"एम्ब्रिक?" बोर्गहिल्डने विचारलं. "तू कशावर झाडलीस?"

"खोड," एम्ब्रिक म्हणाला.

"मेलं का?" ताराल्डने विचारलं.

"मेलेलंच होतं."

मूस ओढून झोपडीशी आणेपर्यंत एम्ब्रिकचे कान लाल होते. पण मुद्दा तो सोडणारा नव्हता.

"गोळी सिगवार्टची, मान्य. पण हुकूम बोर्गहिल्डचा. असं बायकोने फायर म्हटल्यावर मारायचं असेल तर जागा बोर्गहिल्डला द्या."

"अट एवढीच होती, माझ्या हातून पडावा," सिगवार्ट म्हणाला. "पडला की नाही?"

"आणि तू तर हुकमावर खोड मारलंस," ताराल्ड म्हणाला. "निदान त्याने हुकमावर मूस मारला."

सगळे हसले. एम्ब्रिक हसला नाही. तो दाढी खाजवू लागला. सिगवार्ट त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी एम्ब्रिक म्हणाला, "जागा मलाही हवी आहे, तेव्हा निकाल मी देणं बरं नाही. वाटणीत टाकू."

वाटणीपुढे आमच्यात कुणी बोलत नाही. मांसाचे वाटे फरच्या फांद्यांवर मांडायचे. एकाने पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एकेका वाट्यावर सुरी रोखून विचारायचं, हा कुणाचा? पाठमोऱ्याने न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग तो लहान असो की मोठा, कुरकुर नाही. पाठ करून उभी राहते ती बोर्गहिल्ड. तिच्यावर सगळ्यांचा विश्वास.

"वाटे पडायला अजून वेळ आहे ना?" तिने विचारलं. "तोवर मी जरा ओढ्यावर जाऊन येते."

मांसाचे वाटे नेहमीसारखे गेले. शेवटी ताराल्डने फांद्यांवर दोनच वस्तू ठेवल्या. एका बाजूला सिगवार्टचं कातड्याचं आसन, दुसऱ्या बाजूला कॉफीचा डबा. एक सिगवार्टला, एक एम्ब्रिकला; आसन ज्याचं त्याची दलदलीची जागा, डबा ज्याचा त्याने झोपडीत कॉफी उकळायची. सिगवार्टने ते आसन बघितलं. बापाने कडा शिवलेल्या होत्या, एका कोपऱ्यात दोरा सुटला होता. तो शिवायचा राहून गेला, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

बोर्गहिल्ड विस्तवाकडे तोंड करून उभी होती. विस्तवापाशी दगडावर किटली होती. ताराल्डने सुरी आधी आसनावर धरली, मग काय वाटलं कोण जाणे, ती डब्यावर नेली.

"हा कुणाचा?"

बोर्गहिल्डने एक मोठा श्वास जाईल इतका वेळ घेतला.

"एम्ब्रिक," ती म्हणाली.

सिगवार्टने डोळे उघडले. त्याने आसन उचललं, छातीशी धरलं, आणि या खेपेला सगळे समोर होते तरी त्याला रडू आलं. ताराल्डने त्याच्या पाठीवर थाप मारली. एम्ब्रिकने कुरकुर केली नाही. तो डबा काखेत मारून विस्तवापाशी गेला आणि पहिली कॉफी टाकायला म्हणून किटली उचलली.

किटली चांदीच्या चमच्यासारखी लखलखत होती. कडेला अजून ओढ्याची वाळू चिकटलेली होती. एम्ब्रिकला तिच्यात आपलं तोंड दिसलं. तोंडामागे ताराल्ड, त्याच्या हातातली सुरी, मागच्या फरच्या फांद्या, सगळं अगदी स्वच्छ दिसलं. त्याने सावकाश मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

"तयार?" बोर्गहिल्डने विचारलं.

एम्ब्रिक किटली घेऊन पाणी भरायला गेला.