बोट वर राहिलं

मंगरूळपीरला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. चावीचं घड्याळ उघडण्याआधी मी कानाला लावतो. टिकटिक सरळ चाललीय की लंगडतेय, ते कानच सांगतो. चाळीस वर्षं या कानांवरच घर चाललं.

दुकानासमोर भाजी विकणारा माझा जुना दोस्त वर्षभर पोपटांना शिव्या घालतो, त्याच्या झाडावर पेरू ठेवत नाहीत म्हणून. तोच दिवाळीनंतर म्हणाला, "रविवारी तलावावर पाखरं दाखवून राह्यले. चाल." मी त्याची भरपूर टर उडवली आणि गेलो.

आम्ही दहाबारा नवशिके होतो. पक्ष्यांची माहिती सांगणाऱ्या बाईंनी दुर्बीण दिली. लांबच्या देशातून आलेली बदकं मला सगळ्यांच्या आधी दिसली, त्यामुळे मी जरा फुशारलोच होतो. मग बेशरमाच्या झुडपांपाशी बाई थांबल्या.

"इथं वटवट्या पाखरू हाय. लय बारीक आवाज. सारे डोये मिटा. आवाज आला का बोट वर, थांबला का खाली."

डोळे मिटले. काहीच नाही. एक डोळा किलकिला केला तर सगळ्यांची बोटं वर. मीही घाईनं वर केलं आणि डोळा मिटून घेतला. लाज वाटली, पण त्याहून भीती जास्त वाटली. थोड्या वेळानं कोणीतरी फिसकन हसलं. बघतो तर सगळ्यांची बोटं खाली, माझं एकट्याचं वर.

दोस्तानं मला बाजूला नेलं.

"तुले आयकू येत नाही. मले माहीत हाय."

"तुले कोणी सांगितलं?"

"तीन गिऱ्हाइकं माह्यापाशी येऊन बोलून गेले. घड्याळं चांगली चालत होती. तू उघडून बिघडवली."

"मंग मले सांगितलं काहून नाही?" मी ओरडलोच.

"हिंमत झाली नाही, यार. म्हटलं, इथं आणलं तर तुलेच समजन."

त्याला मारावंसं वाटलं. मग मी तिथल्याच एका दगडावर बसलो. गेल्या पावसाळ्यापासून मी गिऱ्हाइकांनाच दटावत होतो, घड्याळ मेलंय म्हणून. त्यातली किती मी मारली, ते आठवेना. दुसरं कुठलंही काम मला येत नाही.

"अजून बोलते काय थे पाखरू?" मी विचारलं.

तो झुडपाकडे तोंड करून उभा राहिला. माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

"बोलून राह्यलं," तो म्हणाला. "लय जोरात."