दारातल्या चपला

आमच्या समोरच्या काकू एकट्याच राहतात; काका जाऊन बरीच वर्षं झाली. तरी दारात काकांच्या चपला असतात, रोज पुसलेल्या. "चोराला वाटावं की, घरात माणूस हाय," असं त्यांचं म्हणणं. गुरुवारी अक्कलकोटला निघाल्या की दारातून मोठ्यांदा ओरडतात, "आवो, कडी लावून घ्या की!" मग हळूच लॅचची किल्ली फिरवतात. मला हसू यायचं.

परवा त्या परतल्या तेव्हा मी वरच्या जिन्यात होतो, त्यांना दिसलो नाही. किल्लीनं दार उघडून त्या आत गेल्या आणि चिडल्याच, "आजबी नाय लावली कडी! किती येळा सांगायचं तुमाला?"

हे कुठल्या चोराला ऐकवलं, मला कळेना. जिना उतरताना त्या चपलांना मी पाय लागू दिला नाही.