तातेरावाची तोंडी परीक्षा

तातेराव नापास झाला हे आजही कुणी काढलं की माझं डोकं फिरतं.

छप्पन साल होतं. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते आणि कचेऱ्यांतली उर्दू जाऊन इंग्रजी आली होती. हिमायतनगरात माझ्या घरी संध्याकाळी मी कारकुनांना इंग्रजी शिकवायची. तातेराव सिकंदराबादेहून सायकलीवर यायचा. उर्दूत टिपण लिहावं तर त्यानंच, पण इंग्रजी म्हटलं की बिचाऱ्याला घाम फुटायचा. आणि त्याच्या कचेरीत तर हुकूम निघालेला, इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास होईल तो इथं राहील, बाकीचे मराठी लोक औरंगाबादेला, म्हणजे मुंबई राज्यात. त्याची बायको विमलाबाई इथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. तिची नोकरी काही हलणार नव्हती.

"बाई, काय बी करा, पण आमचं घर मोडू देऊ नका," तो म्हणायचा.

मी फरशीवर खडूनं शहर काढायची. इथं नारायणगुडा, इथं तारनाका, हे स्टेशन. एकानं वाट विचारायची, दुसऱ्यानं सांगायची. सरळ जा, डावीकडं वळा, पोस्टाच्या समोर. तातेराव सायकलीवरसुद्धा तेच पुटपुटत जाई. बघता बघता वर्गात सगळ्यांत चांगलं तोच बोलायला लागला.

परीक्षेला मद्रासकडचा साहेब आला. त्यानं विचारलं, "मला सिकंदराबाद स्टेशनला जायचंय. कसं जाऊ?"

आता आमच्याकडं परक्या माणसानं वाट विचारली तर बसल्या जागेवरून हात दाखवणं म्हणजे बेअदबी. उठायचं, चार पावलं बरोबर जायचं. त्यात विचारणारा साहेब! तातेराव ताडकन उठला, "कम, सर" म्हणाला आणि दार उघडून बाहेर जाऊन उभा राहिला. साहेब खुर्चीतच. हा बाहेर वाट बघतोय, आणि आत साहेबानं शेरा मारून पुढच्याला बोलावलंसुद्धा. म्हणे, इंग्रजीत वाट सांगता येत नाही.

अरे, एकदा हाक मारून विचारायचं तरी! दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन भांडले. हेडक्लार्क हणमंतराव पान चघळत म्हणाले, "हौ इंदुताई, पटतंय की. पण शेरा झाला. आता काय बी होत नाही." जळला मेला तो शेरा!

नोव्हेंबरात तातेराव औरंगाबादेला गेला. पुढच्या सोमवारी विमलाबाई ड्युटीवरून तशीच माझ्याकडं आली आणि त्याच्या जागेवर बसली. म्हणाली, "बाई, मला शिकवा. साहेबापुढं आमच्यासाठी कुणीतरी बोलायला पाहिजे."

वर्षभर शिकवलं. न अडखळता बोलायला लागली. मग रजा काढून कचेरीत गेली, तर तो साहेब कधीच बदलून गेलेला. नवा म्हणाला, तुमचा नवरा आता दुसऱ्या राज्याचा नोकर, आमचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझ्याकडं येऊन तिनं हे मला इंग्रजीतच सांगितलं. कुठं एक चूक नव्हती.