तुलारामभाऊचं शुद्ध नाटक

आंधळगावचा तुलाराम हेडाऊ मागावर लुगडी विणता विणता दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी नाटक रचायचा. घरात ‘मले-तुले’ बोलायचा. नाटकात मात्र भाषा कडक इस्त्रीची!

अठ्ठ्याहत्तरच्या मंडईत नायिका झालेला ईश्वर “प्राणनाथ, मज अबलेस त्यागून कुठे निघालात?” हे वाक्य ऐनवेळी विसरला आणि घाबरून बोलून गेला, “मले सोडून कायले जाऊन राहिले जी?”

बाया हमसून रडल्या. पडद्यामागे तुलाराम दातओठ खात होता. घरी बायको रुखमा डोळे पुसत म्हणाली, “आज पहिल्यांदा तुमचं नाटक मले समजलं जी.”

तुलारामला ते झोंबलं. पण मागावर बसल्या बसल्या ती रडारड त्याला आठवत राहिली. लेखकाला आणखी काय पाहिजे? पुढचं अख्खं नाटक त्यानं रुखमाच्या बोलीत लिहिलं; ईश्वरच्या तोंडून निसटलेलं ते वाक्यही त्यात घेतलं.

पुढच्या मंडईत पडदा उघडला. ईश्वर खणखणीत आवाजात म्हणाला, “प्राणनाथ, मज अबलेस त्यागून कुठे निघालात?”

बाया मुरमुरे खात राहिल्या. तुलारामनं पडद्यामागे त्याची गचांडी धरली.

“रागावता कायले, भाऊ?” ईश्वर म्हणाला. “मागच्या साली माह्यामुळं तुमची बेइज्जती झाली. म्हणून यंदा तुमच्या साऱ्या चुका दुरुस्त करून बोललो ना!”