जहाज पोचेपर्यंत
सोसायटीच्या गेटला आज ऑइलपेंट लावला आणि त्या वासाने मुलाचं पहिलं मालवाहू जहाज आठवलं. वर्षभर ताटकळल्यावर त्याला ती नोकरी मिळाली होती. मी इंटरनेटवर जहाजाची माहिती काढली, तर लाइफबोट खाली उतरत नाही म्हणून ते आधी एकदा परदेशी बंदरात अडवून ठेवलेलं. "नको जाऊस," मी म्हटलं. "आई, मी नाही गेलो तर मागे रांग उभी आहे," म्हणाला आणि गेला. माणूस पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, म्हणून मोरा बंदरात वाढलेल्या माझ्या सासूबाईंनी त्याच्या खोलीला कडी घातली. तिथली धूळ मला बसू देईना. रोज सकाळी मी फोनवरच्या नकाशात जहाजाचा ठिपका बघायची आणि त्या विचारायच्या, "पोचला काय गो? केर काडू?" एके दिवशी भर समुद्रात ठिपका दिसेनासा झाला. किनारा लांब गेला की असं होतं, हे माहीत असूनही मी पुन्हा पुन्हा नकाशा उघडत राहिले. "आमच्या होडीला ठिपकाच नाय व्हता. बस, चा घे," सासूबाई म्हणाल्या. मग त्या कडीला मीही हात लावला नाही. ठिपका बंदरात उमटला तेव्हा केर दोघींनी मिळून काढला. मुलगा परतला तर कपड्यांना हाच वास. "गंजावर रंगच मारत होतो," म्हणाला. आता तो दुसऱ्या, बऱ्या जहाजावर आहे. त्याचा ठिपका बघून झाला की मी त्या जुन्या जहाजाचाही शोधते. दमायला होतं, पण तिथे कुणाचं तरी पोर रंग मारत असेल, आणि कुणाच्या तरी घरी एका खोलीचा केर काढायचा राहिला असेल.