मराठी आकड्यांचे घड्याळ आणि एक न कोरलेली खूण

रविवार, ८ फेब्रुवारी. हजर : मी, साताऱ्याहून, आणि माझी थोरली नणंद शोभावन्सं, मुक्काम कर्वेनगर. सामान : भिंग, मऊ फडके, वही, दोन संत्री. काम : पुण्याच्या जुन्या बाजारात मराठी आकड्यांचे, चावीचे मनगटी घड्याळ शोधणे, मिळाल्यास दुरुस्त करून घेणे, संध्याकाळी परत.

पहाटेची बस चुकली. पुढच्या बसने स्वारगेटला उतरले तेव्हा वन्सं कडेला उभ्याच होत्या.

"घरी एकवीस घड्याळं आहेत ना गं, नीलिमा? त्यातलं एखादं तरी बरोबर वेळ दाखवत असेल."

"चुकलंच. आधी चहा घेऊया का?"

"घेतला मी. तुझी वाट बघताना दोनदा."

मंगळवार पेठेतला जुना बाजार रस्त्याकडेने पसरलेला असतो. पितळी नळ, बिनकाचेचे कॅमेरे, स्टोव्हच्या टाक्या, एकाच पायाचे बूट. माझी पद्धत ठरलेली आहे : डाव्या हाताने जायचे, उजव्या हाताने परतायचे, एकही पथारी (जमिनीवर मांडलेले दुकान) सोडायची नाही. वन्संनी तोवर एक किसणी घेतली.

परतीच्या बाजूला, कुलपाच्या किल्ल्यांनी भरलेल्या डब्यात ते सापडले. तबकडी चहाच्या रंगाची झालेली, काच चरे पडून आंधळी. भिंग लावले. एक ते बारा, सगळे आकडे देवनागरी! अकरा वर्षे मी हे घड्याळ फक्त फोटोत पाहत होते.

"चालू आहे का?" मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारले.

"हलवलं की चालतंय," पथारीवाला म्हणाला.

"आणि हलवायचं थांबवलं की?"

"मंग थांबतंय. परत हलवायचं."

आणि मग मी तो प्रकार केला. अनोळखी जुन्या घड्याळाला आधी चावी द्यायची नाही. आतले तेल वाळलेले असते, जोर लावला की मोडते. नव्या संग्राहकांना हे मीच बोट उगारून सांगते. पण आनंदाच्या भरात माझ्या बोटांनी चावी फिरवली. आतून कट् असा आवाज आला आणि चावी नुसतीच गोल गोल फिरू लागली.

"गेलं?" वन्संनी विचारले.

अकरा वर्षांनी हाती लागलेले घड्याळ मी अर्ध्या मिनिटात मोडले होते.

"तुमीच फिरवलं की, बाई," पथारीवाला म्हणाला. ते खरेच होते. घासाघीस न करता घड्याळ घेतले. वन्संना हा दुसरा धक्का.

रिक्षाने नारायण पेठ. वन्संच्या घरची घड्याळे वर्षानुवर्षे मुनीरभाईंकडे जातात. दुकान दोन हात रुंद, मालक साठी ओलांडलेले.

"रविवारी उघडं असतं?" मी विचारले.

"रविवारी गिऱ्हाईक येत नाही, म्हणून उघडतो. कामं होतात." त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिले. "सहसा."

मी सगळे कबूल केले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि मशीन उघडले. मी पंख्याची पाती मोजत राहिले. तीन होती.

"ताई, इकडे या. हे टोक बघा. गंज दिसतोय? स्प्रिंग आज मोडली असती तर टोक चकाकलं असतं. ही कधीचीच मोडलेली आहे. तुम्ही फिरवलीत तेव्हा नुसती घसरली, त्याचा आवाज."

"म्हणजे मी नाही मोडलं?"

"नाही. पण चावी द्यायला नको होती."

"नको होती."

"मग ठीक."

"चला, निर्दोष सुटली," वन्सं म्हणाल्या. "येरवड्याचा फेरा वाचला."

मापाची स्प्रिंग त्यांच्याकडे निघाली. काच नवी घालायची, मशीन धुऊन तेल द्यायचे, असे ठरले. तबकडीला मात्र त्यांनी हात लावायचे नाकारले. "मळाबरोबर आकडेही निघतात." माझेही तेच मत होते. "चारला या."

जवळच्या खानावळीत डाळिंब्यांची उसळ (सोललेल्या कडव्या वालांची) आणि गरम पोळ्या खाल्ल्या. सुटकेच्या आनंदात मी चार पोळ्या खाल्ल्या.

चारला सेकंदकाटा पळत होता. मी घड्याळ कानाला लावले, मग वन्संना दिले. त्यांनी बराच वेळ परत केले नाही. "अगं, काय भराभरा बोलतंय हे!"

मागचे झाकण लावण्यापूर्वी मुनीरभाईंनी त्याची आतली बाजू दाखवली. तिथे सुईने कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या. दुरुस्ती केली की कारागीर तिथे आपली खूण ठेवतो.

"आणि तुमची?"

"आठ दिवस नीट चाललं तर. आत्ता कोरली आणि बंद पडलं, तर पुढचा कारागीर मला हसेल. रोज दुपारी बाराला वेळ पडताळा, लिहून ठेवा आणि पुढच्या रविवारी घेऊन या."

परतीच्या बसमध्ये घड्याळ मनगटावर होते. गेली अकरा वर्षे या घड्याळाची कदर असलेली मी एकटीच आहे असे समजत होते. पण माझ्याआधी तीन अनोळखी कारागिरांनी ते उघडून चालू केले होते, आणि हे फक्त झाकणाच्या आतल्या खुणांवरून एकमेकांनाच माहीत. खिडकीबाहेर न बघता मी खंबाटकी घाटापर्यंत सेकंदकाटाच पाहत आले.

आज बुधवार. सोमवारी दोन मिनिटे पुढे, काल दोन, आज दीड. काच झाली. स्प्रिंग झाली. तेल झाले. मुनीरभाईंची खूण : बाकी.